गवतकाका

फुटबॉलच्या मॅचमध्ये गोल झाला की माणसं उठून उभी राहतात, ओरडतात, निदान सोफ्याच्या हातावर एक थाप तरी मारतात. गवतकाका अशा वेळी पुढे वाकायचे आणि म्हणायचे, "डावीकडच्या कोपऱ्यात गवत चिकटलंय." गोल कोणी केला, कोणावर केला, मुळात मैदानात टीम दोन असतात की तीन, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. ते फक्त गवत बघायचे. तेही खरं गवत नाही, माझ्या कन्सोलवरच्या गेममधलं, कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं गवत. त्या गवताचं एकेक पातं सुटं दिसतंय की नाही, हे त्यांना स्टुलावर बसल्या जागेवरून, चष्मा न लावता कळायचं. मला ते चष्मा लावूनही कळत नव्हतं. अशी नजर मी पुन्हा कुणाची पाहिली नाही. ती त्यांच्याकडे फार दिवस राहिली नाही, आणि तिचे शेवटचे चांगले दिवस त्यांनी माझ्या टीव्हीसमोर घालवले. ते आठवलं की आजही माझ्या हातातलं काम थांबतं.

त्यांचं खरं नाव बडोद्यात, सुभानपुऱ्यातल्या आमच्या सोसायटीच्या पाटीवर तिसऱ्या मजल्यासमोर अजून आहे. 'गवतकाका' हे नाव ठेवलं माझ्या प्रेक्षकांनी. माझे प्रेक्षक म्हणजे चाळीसेक माणसं. मी दिवसा गोरव्यातल्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात डिस्पॅचच्या टेबलावर बसायचे आणि संध्याकाळी घरी येऊन कन्सोलवर फुटबॉल खेळायचे. खेळता खेळता तो खेळ इंटरनेटवर लाइव्ह दाखवायचा, आणि वर अर्ध्या मराठीत अर्ध्या गुजरातीत कॉमेंटरी करायची, हा माझा उद्योग. मला कॉमेंटेटर व्हायचं होतं. घरात हे कुणाला नीट समजत नव्हतं, पण कुणी आडवंही येत नव्हतं. आडवं येत होतं ते चित्र. कॅमेरा मैदानावरून सरसर फिरला की सगळं हिरवं पालकाच्या भाजीसारखं एकजीव व्हायचं, खेळाडूंचे चौकोनी तुकडे व्हायचे, बॉल दिसेनासा व्हायचा. खाली प्रेक्षक लिहायचे, "दीदी, अवाज मस्त छे, पण कंई देखातुं नथी." कॉमेंटरी करणारीला याहून वाईट काय ऐकवणार?

काका एकदा आईचा डबा परत द्यायला म्हणून दारात आले. टीव्हीवर माझा खेळ चालू होता, आणि तोच खेळ लोकांना कसा दिसतोय ते बघायला मी मोबाइल शेजारी उभा करून ठेवला होता. काकांनी एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा मोबाइलकडे. डबा हातातच.

"हे दोन्ही एकच आहे का?"

"हो काका."

"मग इथून इथे येईपर्यंत कुठेतरी मार खातंय," ते म्हणाले. चपला काढून आत आले आणि आईकडे स्टूल मागितलं. सोफ्यावर ते कधी बसले नाहीत. सोफ्यात बसलं की माणूस प्रेक्षक होतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

काकांचा जन्म रिफायनरीच्या इन्स्ट्रुमेंट खात्यात गेला होता. प्रेशर, टेंपरेचर, पाइपातून काय किती वाहतंय, ते दाखवणारे काटे नीट चालतात की नाही हे बघणं, हे त्यांचं काम. रिटायर होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, काकू जाऊन चार. एक मुलगी नागपूरला. इंटरनेट, कन्सोल, लाइव्ह यातलं त्यांना काही म्हणता काही येत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही. पण त्यांचा पहिला प्रश्न ऐकून मी गार झाले. महिनाभर मी जगभरच्या लोकांना विचारत होते की बिघाड कुठे आहे. काका म्हणाले, "बिघाड कुठे आहे ते मला नको सांगू. कुठे नाही ते सांग."

मला कळेना. तेव्हा त्यांनीच विचारलं की हे मशीन स्वतःच्या पोटात काही साठवून ठेवतं का? ठेवतं. खेळाचं रेकॉर्डिंग कन्सोलमध्ये करता येतं. मग ते लाव. लावलं. चित्र आरशासारखं स्वच्छ! काकांनी मान हलवली. "चला. म्हणजे मशीन निर्दोष, टीव्ही निर्दोष, तुझा खेळ निर्दोष. घरात स्वच्छ आहे, दाराबाहेर पडताना मळतंय. अर्धं जग बाद झालं." पाच मिनिटांत अर्धं जग बाद करणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्या महिन्यात नवा टीव्ही घ्यायला निघाले होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते वही घेऊन आले. लांबट, आखीव, निळ्या रेघांची. नियम एकच, एका वेळी एकच बदल. बदल केला की एक ओळ, समोर वेळ, आणि गवत कसं दिसलं ते. 'सुटं', 'चिकट', 'लगदा' असे त्यांचे तीन शेरे होते. मला मुळात दम नाही. एकदा ते यायच्या आधी मी हौसेनं चार सेटिंगं बदलून ठेवली आणि चित्र खरंच थोडं सुधारलं. मी टाळ्यांची वाट बघत होते. काका स्टुलावरून उठले. "कुठल्यामुळे सुधारलं?"

"ते माहीत नाही, पण सुधारलं ना?"

"मग उद्या बिघडलं तर काय करशील? सगळं होतं तिथे आण. मी उद्या येतो." आणि खरंच जिना चढून वर गेले. रागावले नव्हते. दुसऱ्या दिवशी बरोबर सहाला हजर, आणि वहीत त्या दिवसाची ओळ कोरी सोडलेली. ती कोरी ओळ बघून मला जी लाज वाटली ती एखाद्या बोलण्यानं वाटली नसती.

आमच्या बाबांना इंटरनेटचा मोठा अभिमान. "साहेब, आपली लाइन शंभरची आहे, फास्ट!" असं त्यांनी काकांना दोनदा ऐकवलं. काकांनी शांतपणे विचारलं, "येणारं शंभर. जाणारं किती?" बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी बाबांकडे. आम्ही इतकी वर्षं पैसे भरत होतो आणि घरातून बाहेर किती जातं हे तिघांपैकी एकानंही कधी विचारलं नव्हतं. मोजलं तर येणारं नदीसारखं आणि जाणारं बारीक नळासारखं. काका खूश झाले. बिघाडाची बातमी ऐकून इतका खूश होणारा माणूस विरळाच. "थशे, थशे," ते हात चोळत म्हणाले, म्हणजे होणार, होणार. बडोद्यात जन्म गेलेल्या आमच्या सगळ्यांसारखंच, मनासारखं काही घडलं की काकांच्या तोंडात गुजराती यायची.

मग वाय-फायच्या डब्याचा शोध झाला. तो आईनं स्टीलच्या कपाटावर पितळेच्या घागरी आणि परातींच्या मागे लपवला होता, कारण त्याचे लुकलुकणारे दिवे तिला आवडत नव्हते. काका खुर्चीवर चढले, भांडी पाहिली आणि आईला म्हणाले, "वहिनी, इतक्या भांड्यांमागे मला उभं केलंत तर माझीही हाक तुम्हाला ऐकू यायची नाही." आईनं घागरी हलवल्या. तरी काकांचं समाधान होईना. हवेतून जाणाऱ्या गोष्टीवर त्यांचा फारसा विश्वास नव्हता. ते लहरीपुऱ्याच्या बाजारात जाऊन वायर घेऊन आले आणि डब्यापासून कन्सोलपर्यंत ती स्वतः लावली, दाराच्या चौकटीवरून, समान अंतरावर क्लिपा ठोकत. प्रत्येक क्लिप ठोकण्याआधी पट्टी धरायचे. भिंतीला भोक पडणार म्हणून सकाळपासून कुरकुरणारी आई संध्याकाळी त्या सरळ रेघेकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली की आमच्या लाइटच्या वायरी लावणाऱ्याला हे दाखवायला हवं होतं. वहीत शेरा पडला, 'लगदा' गेला, 'चिकट' आलं.

'चिकट'चं 'सुटं' कसं झालं ती खरी गंमत. मी हौशी, त्यामुळे चित्राची सगळी सेटिंगं सगळ्यात वरच्या पायरीवर. मोठ्यात मोठं चित्र, जास्तीत जास्त वेगानं. काकांनी माझ्याकडून नीट समजून घेतलं की मोठं चित्र म्हणजे काय, वेग म्हणजे काय, आणि सेकंदाला नेमकं किती बाहेर जाऊ शकतं. मग म्हणाले, "वाढायला चमचाभर भात आहे आणि तू परात मांडून बसली आहेस. वाटी घे की." मी चित्र लहान करायला तयार नव्हते. लहान म्हणजे कमी, कमी म्हणजे वाईट, असं माझं साधं गणित. शेवटी त्यांच्यासमोर नाही म्हणवेना म्हणून एक पायरी खाली आणलं. मोबाइलवर कॅमेरा मैदानावरून फिरला, आणि गवत गवतासारखं दिसलं. बॉल दिसला. खेळाडूच्या पाठीवरचा नंबर वाचता आला. खाली एकानं लिहिलं, "दीदी, नवा कन्सोल लीधो के?" काका म्हणाले, "बस, थई गयुं," आणि चहा मागितला. मी मात्र त्या चित्राकडे बघत राहिले. काही विकत न आणता, उलट काहीतरी कमी करून ते झालं होतं, आणि ज्यानं केलं त्याला ऑफसाइड म्हणजे काय हे माहीत नव्हतं.

तरी एक खोड उरली होती. रोज सहाच्या सुमारास दहा मिनिटं चित्र पुन्हा फाटायचं. मी म्हटलं, संध्याकाळी सगळेच इंटरनेट वापरतात, चालायचंच. काकांच्या वहीत 'चालायचंच' हा शेरा नव्हता. त्यांनी आठवडाभराच्या वेळा एकाखाली एक लिहिल्या आणि मला विचारलं, "सहा दहाला या घरात रोज काय होतं?" काय होणार? आई फिरून येते. चपला काढते, पाणी पिते, मोबाइल चार्जिंगला लावते. "आणि मोबाइल चार्जिंगला लागला की काय करतो?" मी उघडून पाहिलं. दिवसभर आलेले सगळे फोटो आईचा मोबाइल त्या दहा मिनिटांत कुठेतरी वर जपून ठेवायला पाठवत होता. हजारो 'सुप्रभात', त्यातली फुलं, सूर्य आणि चहाचे कप आमच्या त्या बारीक नळातून रांगेनं बाहेर चालले होते, आणि माझा गोलकीपर त्यांच्यामागे उभा होता. आईनं ते बंद करायला परवानगी दिली, पण काकांशी दोन दिवस जेवढ्यास तेवढंच बोलली.

ही हकीकत मी लाइव्हमध्ये सांगितली, तेव्हा पोरांनी त्यांचं नाव गवतकाका ठेवलं. मग रोज विचारणा सुरू झाली. गवतकाका आले का? आज गवत कसं म्हणतात? दुसरे खेळ लाइव्ह दाखवणारी पोरं आपापले बिघाड लिहून पाठवायची आणि काका स्टुलावर बसून प्रश्न सांगायचे, मी टाइप करायचे. त्यांना कुणाची नावं माहीत नव्हती. "तो राजकोटचा, रेकॉर्डिंगमध्येच घाण येणारा," असं ते त्याला ओळखायचे. आणि याच सुमारास एका मोठ्या ऑनलाइन स्पर्धेच्या आयोजकांकडून मला निरोप आला. त्यांना गुजराती-मराठी कॉमेंटेटर हवा होता. तीन आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी पाच वाजता माझं लाइव्ह ते बघणार होते. तेवढं एकच.

मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "मग आता रोज तपासू."

त्या रविवारच्या दहा दिवस आधी ते पुढे वाकले आणि म्हणाले, "मधे धुरकट आहे."

मला काही दिसलं नाही. मी म्हटलं, कुठे? "बरोबर मधे. कडेचं गवत सुटं आहे, मधलं धुरकट." प्रेक्षकांना विचारलं, ते म्हणाले मस्त आहे. काका म्हणाले, त्यांना खराब बघायची सवय आहे. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. या माणसाला आजवर जे जे दिसलं ते ते खरं निघालं होतं, आणि जे मला दिसलं नाही ते केवळ माझ्या डोळ्यांना अक्कल नव्हती म्हणून. आम्ही शोध सुरू केला. एका वेळी एकच. कन्सोलपासून टीव्हीकडे जाणारी वायर बदलली. वहीत शेरा, 'मधे धुरकट'. सेटिंग बदललं. 'मधे धुरकट'. वाय-फायचा डबा बदलून घेतला. तेच. सातव्या की आठव्या दिवशी आम्ही कन्सोल उचलून तळमजल्यावरच्या हंसाबेनकडे नेला आणि त्यांच्या टीव्हीला लावला. हंसाबेन म्हणाल्या, "काका, मने तो बधुं चोख्खुं देखाय छे." काका हसले, आणि मीही हसले. हंसाबेनना काय कळतंय!

मधे एकदा आई म्हणाली होती, "काका, चष्म्याचा नंबर वाढला नसेल ना तुमचा? एकदा दाखवून या." मी तिच्यावर वस्सकन ओरडले होते. काकांना दिसतंय म्हणजे आहे, तू मधे बोलू नकोस, असं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण कबूल करायचं तर पूर्ण करायला हवं.

शुक्रवारी संध्याकाळी बदलायचं काही उरलं नव्हतं. काकांनी वही मांडीवर घेतली, पेन उघडलं आणि तसेच थांबले. बराच वेळ पानाकडे बघत होते. मग त्यांनी डावा डोळा हातानं झाकला. तो उघडून उजवा झाकला. पुन्हा डावा. मला वाटलं डोळ्यात काही गेलं.

"रेवती," ते म्हणाले, "या वहीतल्या रेघा मला मधे वाकलेल्या दिसतायत. आणि ही वही तुझ्या मशीनला जोडलेली नाही."

काकांनी त्या ओळीवर तारीख घातली, वेळ घातली, आणि अक्षर हलू न देता लिहिलं, 'बिघाड सापडला. मशीन निर्दोष.' मग वही मिटून मला म्हणाले, "तू काळजी करू नकोस. रविवारसाठी तुझं सगळं ठीक आहे." त्या क्षणी त्यांनी मला धीर दिला, मी त्यांना नाही.

शनिवारी सकाळी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाहुली मोठी करणारे थेंब, तपासण्या, फोटो. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. डाव्या डोळ्याची मधली नजर हळूहळू केव्हाच गेली होती. उजवा डोळा दोघांचं काम करत होता म्हणून काकांना पत्ताही नव्हता. आता त्या उजव्या डोळ्याच्या पडद्यामागे रक्त झिरपलं होतं. म्हणजे ते गवत, ती पाती, ते सगळं काकांनी एका डोळ्यावर पाहिलं होतं.

"हे कधीपासून जाणवतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"नऊ दिवस," काका म्हणाले. त्यांच्याकडे तारीख आणि वेळही होती.

"पहिल्या एक-दोन दिवसांत आला असतात तर बरं झालं असतं." मग माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "किती वाचलं असतं ते कुणीच सांगू शकत नाही." त्याच दिवशी डोळ्यात इंजेक्शन दिलं.

रिक्षात मी रडायला लागले. म्हटलं, काका, नऊ दिवस माझ्यामुळे गेले. मी एकदा जरी म्हटलं असतं की मला नाही दिसत... काकांच्या डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी चाचपडत माझा हात शोधला. "तुझं काय चुकलं? तू शिकाऊ. चूक माझी. काट्यावर प्रेशर चुकीचं दिसलं की पाइपाला हात लावायच्या आधी काटा काढून तपासायचा, हे मी आयुष्यभर लोकांना शिकवलं. काटा खोटा आहे की काय, हे पहिलं. आणि मी तो शेवटी तपासला." मग म्हणाले, "आपलाच काटा म्हटल्यावर माणूस तपासत नाही." मला त्या उत्तरानं बरं वाटलं नाही. आजही वाटत नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांना इतकं मानलं की त्यांना साधं म्हाताऱ्या माणसासारखं 'डोळे दाखवून या' असं कुणी म्हटलं नाही, आणि एक म्हणाली तर मी तिला गप्प केलं.

रविवारी दुपारी मी वर गेले आणि सांगितलं की आयोजकांना दुसरी तारीख मागते. काका पलंगावर पडून होते. "कशाला? मशीन ठीक आहे. मी स्वतः तपासलंय." त्यांनी मोबाइल उशाशी ठेवून घेतला. मी खाली आले आणि पाच वाजता सुरू केलं. कसं केलं ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की बोलताना सारखं वाटत होतं, वर एक माणूस डोळे मिटून हे ऐकतोय.

संपल्यावर धावत जिना चढले. कसं झालं, म्हटलं. काकांनी विचार केला. बिघाडाबद्दल बोलताना ते जसा करायचे तसा. "तू 'बघा, बघा' फार म्हणतेस. काय बघू ते सांगत नाहीस. मी आपला तासभर अंधारात बघतोय."

आयोजकांनी मला घेतलं. पण कॉमेंटरी म्हणजे काय ते मी त्या पलंगाशेजारी शिकले. पुढचे चार महिने इंजेक्शनं चालू होती. रक्त थांबलं, पण मधला डाग राहिला. वाचन गेलं, वही गेली. मी रोज संध्याकाळी वर जायचे, आणि टीव्हीवर खरी मॅच असो की माझ्या मोबाइलवरची, काकांना सांगायचे. बॉल कुठे आहे, कोण कुणाकडे बघतोय, कोण दमलाय, कुणाच्या मोज्याला चिखल लागलाय. ते मधेच अडवायचे. "कुठल्या बाजूनं आला? किती लांबून?" मी चुकले, गुळमुळीत बोलले, की स्वच्छ कळायचं त्यांना. आज लोक म्हणतात की माझी कॉमेंटरी स्वयंपाक करता करता, टीव्हीकडे पाठ करूनही समजते. मी कुणाला सांगत नाही की ती मुळात एकाच माणसासाठी बांधलेली आहे.

मग त्यांची मुलगी सुमेधाताई नागपूरहून आली आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. एकट्यानं गॅस पेटवणंही अवघड झालं होतं, कुणी अडवणार तरी कसं? स्टेशनवर आम्ही सगळे गेलो. आईनं वाटेसाठी ठेपले केले होते, बाबा सामान मोजत होते. सुमेधाताई डब्यात सीट बघायला चढली आणि प्लॅटफॉर्मवर काका आणि मी दोघेच समोरासमोर उभे राहिलो. मला पुष्कळ बोलायचं होतं. पण काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते माझ्या खांद्यावरून पलीकडे, चहाच्या स्टॉलकडे एकटक बघत होते. मला वाटलं, राग राहिलाय मनात. रिक्षात बोलले ते वरवरचं होतं. राहिला असेल तर बरोबरच होतं, असंही वाटलं. मी त्यांच्या नजरेसमोर यावं म्हणून बाजूला सरकले.

"हलू नकोस," काका म्हणाले.

मी थांबले.

"मधे पाहिलं की तू जातेस. त्या स्टॉलकडे पाहिलं की तू कडेला येतेस. महिनाभर प्रयोग करून बसवलंय हे." ते अजून स्टॉलकडेच बघत होते. "जरा मागे हो. एकच पाऊल. हां. आता मान वर कर."

मी मान वर केली. चेहरा पुसायला हात उचलला तर म्हणाले, तोही हलवू नकोस. डब्याच्या दारातून सुमेधाताई हाका मारत होती, आई-बाबा सामान चढवत होते, माणसं आमच्यामधून वाट काढत होती आणि काका पुन्हा पुन्हा तो स्टॉल गाठून मला शोधत होते.

"आलीस," शेवटी ते म्हणाले. "स्वच्छ आलीस."

गाडी सुटेपर्यंत मी त्या जागेवरून हलले नाही.